हौसाक्काचा आरसा

"माणसं उलटी दिसतायत," मी म्हणाले. "पाय आभाळात, डोकी खाली."

हौसाक्का माझ्या खाटेशेजारी स्टुलावर चढून उभी होती. तिच्या हातात वहीएवढा, लाकडी चौकटीचा एक आरसा होता आणि तो माझ्या तोंडावर धरून ती मघापासून इकडं-तिकडं कलता करून बघत होती.

"उलटी म्हंजी कशी?"

"म्हणजे उलटी. फाटकावरचा शिपाई वटवाघळासारखा लटकलाय."

"त्यो सुलटा असला तरी तसाच दिसतोय," हौसाक्का म्हणाली आणि खाली उतरली.

मी हसले. हसताना पाठीतून कळ गेली, पण हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

ही गोष्ट मी बावीस वर्षांची असतानाची. माझ्या कण्याला क्षय झाला होता. फुफ्फुसाला होतो तसा हाडालाही होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या गावापासून दोन एसट्या बदलून जावं लागे अशा एका उजाड माळावर क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं. तिथं मला दिवाळीनंतर आणून टाकलं. मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरचा साचा केला आणि त्यात मला उताणी निजवली. कुशीवर वळायचं नाही, मान उचलायची नाही. हात तेवढे मोकळे. बरं वाटायला आठ महिने लागतील, वर्षही लागेल, असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

बायकांचा वॉर्ड म्हणजे पूर्वेकडं उघडा असलेला लांबलचक व्हरांडा. मोकळी हवा हेच तेव्हा अर्धं औषध. माझी खाट नववी. मला दिसायचं ते एकच, छप्पर. चौदा वासे, त्यांतला एक मधे चिरलेला, आणि एक पाल. त्या पालीचा संसार मला माझ्या संसारापेक्षा जास्त पाठ झाला होता.

माझा संसार म्हणजे रत्ना. अडीच वर्षांची. तिचे वडील फौजेत, लडाखला. त्यांना सुट्टी मिळायची नाही. रत्ना थोरल्या जाऊबाईंकडं होती. जाऊबाई माणूस म्हणून चांगल्या. दर रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं यायच्या, माझ्या उशाशी बसायच्या. पण लहान पोरांना कुंपणाच्या आत येऊ देत नसत. त्यात कुणाचं चुकतही नव्हतं. शेजारच्या वॉर्डात खोकणारे पन्नास पेशंट होते. त्यामुळं रत्ना आलीच तर साठ पावलांवर, काटेरी तारेच्या पलीकडं. आणि मी छपराकडं बघत पडलेली. तिचं रडणं तेवढं ऐकू यायचं.

मला मरणाची भीती नव्हती असं नाही, पण ती मागं पडली होती. माझी खरी भीती वेगळी होती. अडीच वर्षांच्या पोराची आठवण किती दिवस टिकते? मी एकदा हौसाक्काला हे विचारलं. हौसाक्का वॉर्डातली आया. भांडी द्यायची, अंग पुसायची, वेणी घालायची. पन्नाशीची, काटक, कपाळावरची रुपयाएवढ्या कुंकवाची जागा मोकळी. माझ्या केसांतली फणी तिनं तशीच धरून ठेवली आणि माझ्यासारखीच मान मागं टाकून छपराकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती आरसा घेऊन आली.

तर आरशात माणसं उलटी दिसत होती. हौसाक्कानं खाली उतरून माझ्या खाटेला एक फेरी मारली. मग पदर खोचला, झाडूवाल्या बाईला हाक मारली आणि दोघींनी मिळून माझी लोखंडी खाट, माझ्यासकट, गोल फिरवली. भिंतीकडचं डोकं अंगणाकडं आलं. मच्छरदाणीच्या दांडीला सुतळीनं आरसा बांधून तिनं तो माझ्या कपाळावर कलता केला.

"आता?"

आता फाटक सरळ होतं. कडुलिंब सरळ होता. शिपाई पायांवर उभा होता आणि कान खाजवत होता. कुंपणाची तार, पलीकडचा रस्ता, रस्त्यावरून चाललेली एक म्हैस. मी त्या म्हशीकडं डोळे भरून बघितलं.

"रडायला काय झालं?" हौसाक्का म्हणाली. "म्हस बघून रडत्यात व्हय कुठं?"

आठ नंबरच्या गंगूबाईंनी नाक मुरडलं. तो आरसा हौसाक्काच्या नवऱ्याचा, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. तो न्हावी होता. मेल्यावर त्याची धोकटी तिनं कोनाड्यात तशीच ठेवली होती. "मेलेल्या माणसाचा आरसा आजाऱ्याच्या तोंडावर?" गंगूबाई म्हणाल्या. हौसाक्का म्हणाली, "त्यात हजार माणसं दाढी करून मान्सात आली. हिला काय हुतंय."

सरोजिनी सिस्टर फेरीला आल्या तेव्हा मला वाटलं, आता खाट पुन्हा भिंतीकडं. त्यांनी आरशाकडं बघितलं, मग वाकून आरशात बघितलं. "ही कुणाची कल्पना?"

"कुणाची न्हाई," हौसाक्का म्हणाली. "वाऱ्यानं फिरली खाट."

सिस्टर हसल्या नाहीत, पण पुढं गेल्या. त्यानंतरच्या रविवारी मला माझी मुलगी दिसली.

पिवळ्या झबल्यात होती. ते झबलं मीच शिवलेलं, घेराला हिरवी वेलबुट्टी. जाऊबाईंनी तिला तारेपाशी उभी केली होती आणि बोट दाखवून सांगत होत्या, 'तिथं बघ, आई.' पोरीला काही उमगत नव्हतं. तिला दिसणार काय? व्हरांड्यातल्या वीस खाटांवरची वीस पांढरी गाठोडी. मी हात हलवला, पण सगळ्याच हात हलवत होत्या.

मग माझा हात आरशाला लागला आणि तो सुतळीवर फिरला. सकाळचं ऊन समोरून येत होतं. कुंपणाकडून एकदम किंकाळी आली, "आलं! आलं!" मी घाबरून आरसा पूर्ववत केला. रत्ना जमिनीवर काहीतरी शोधत होती. हौसाक्का तिथंच उभी होती, ती तिथून ओरडली, "अगं, कवडसा! पुन्ना टाक की!"

मी पुन्हा टाकला. पुन्हा किंकाळी. त्या दिवसापासून ते आमचं बोलणं झालं. फक्त त्यात एक अडचण होती. कवडसा टाकायचा तर आरसा उन्हाकडं वळवावा लागे आणि मग मला रत्ना दिसायची नाही. रत्ना बघायची तर कवडसा टाकता यायचा नाही. एकतर मी तिला दिसायची, नाहीतर ती मला. म्हणून मी चोरून चोरून करायची. चारपाच वेळा टाकायची आणि पटकन आरसा फिरवून बघायची. रत्ना कवडशावर पाय आपटत असायची. झुरळ मारावं तशी, दोन्ही पायांनी. तिला तो पायाखाली धरून ठेवायचा होता.

असे चार रविवार. पाचव्याला ती आली नाही. गाडी बंद पडली होती, एवढंच. पण ते मला दुपारी कळलं. सकाळी नऊ वाजले, दहा वाजले. आरशाच्या कडेला काहीतरी पिवळं हलल्यासारखं वाटलं आणि मी सगळं विसरून मान उचलली. साचा कडकन वाजला. मोठे डॉक्टर आले, त्यांनी बोटं दाबून बघितलं आणि मला एकेरीवर येऊन झापलं. "आणखी एकदा असं केलंस तर तुझ्या पायांवरून वारं जाईल. मग तुझी मुलगी तुझ्याकडं चालत येईल, तू तिच्याकडं जाऊ शकणार नाहीस." हौसाक्का खाटेच्या पायथ्याशी उभी राहून हे सगळं ऐकत होती.

पुढच्या रविवारी पिवळं झबलं दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. जाऊबाई आत आल्या, उशाशी बसल्या. "आलीय बघ तुझी भवानी. हौसाक्काजवळ आहे."

मी कवडसा टाकला आणि कान दिले. किंकाळी आली नाही. पुन्हा टाकला. काहीच नाही. मी आरसा फिरवला.

पोर खाली बसली होती. दोन्ही हातांची ओंजळ करून जमिनीवरून काहीतरी उचलू बघत होती. पाणी भरून घ्यावं तशी. मग ओंजळ तोंडाजवळ नेऊन तिनं आत बघितलं.

ती रत्ना नव्हती.

झबलं रत्नाचं होतं. वेलबुट्टी मी ओळखली. उंची तीच, केस तसेच कापलेले. पण आई आपलं मूल कपड्यावरून ओळखत नाही. मी जाऊबाईंकडं बघितलं. मला मान वळवता येत नसल्यामुळं त्यांचं तोंड अर्धंच दिसत होतं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

"बरी आहे ना?" मी विचारलं.

"बरी की. दिसत नाही का तुला?"

त्या क्षणी मला एकच गोष्ट सुचली. रत्ना गेली. गोवर म्हणा, ताप म्हणा, काहीतरी होऊन माझी मुलगी गेली आणि मला धक्का बसू नये म्हणून ही मंडळी दुसरं मूल उभं करतायत. दुसरं कारण काय असणार?

विचारायचं ओठांवर आलं होतं. पण विचारलं तर उत्तर आलं असतं. न विचारता रत्ना निदान पन्नास टक्के तरी होती. मी दात आवळले आणि आरसा पुन्हा उन्हाकडं वळवला. समोर एक पोर वाट बघत होती. तिचा त्यात काय दोष?

असे पाच महिने गेले.

त्या पाच महिन्यांत मी जेवढी कडू औषधं गिळली तेवढी वॉर्डात कुणी गिळली नसतील. सुया टोचून दंडाची चाळण झाली. जेवण नको असलं तरी ताट चाटूनपुसून साफ. सिस्टर माझं उदाहरण इतरांना द्यायच्या. त्यांना काय माहीत; मला घरी जाऊन दारातून आत बघायचं होतं, तेही आपल्या पायांनी. रविवारी ती अनोळखी पोर यायची. ढगाळ दिवशी कवडसा पडायचा नाही, तरी ती तारेशी हनुवटी टेकून उभी राहायची. हळूहळू मी तिची वाट बघायला लागले. तिचा राग यायचा आणि तिची वाट बघायची, दोन्ही. एखाद्या रविवारी तिनं ओंजळीत धरलेला कवडसा हौसाक्काला नेऊन दाखवला की मला हसू यायचं आणि लगेच मी आरसा फिरवून टाकायची. आपण कुणाला बघून हसतोय?

श्रावण लागला आणि मोठ्या डॉक्टरांनी साचा काढला. आठवडाभरात मला चामड्याचा पट्टा बांधून उभी केली. उद्या घरी, असं ठरलं त्या संध्याकाळी हौसाक्का वेणी घालायला बसली. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलू शकले.

"हौसाक्का, खरं सांग. माझी रत्ना आहे का?"

फणी थांबली.

"हाय की. हाय म्हंजी? द्येवाशप्पत हाय. घरी हाय, खाऊन-पिऊन हाय. आसं का इचारतीस?"

"कुंपणावर येते ती ती नव्हे."

मग हौसाक्का समोर येऊन जमिनीवर बसली.

"कवा कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी."

"आन तुला वाटलं, तुझी पोर..." तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. "पाच म्हैनं? पाच म्हैनं तू ह्ये पोटात घिऊन निजलीस? आगं बये, मी काय करून बसले."

मग तिनं सांगितलं. रत्ना इथून घरी गेली की तीन-तीन दिवस जेवायची नाही, रात्री दाराशी जाऊन बसायची. सासूबाई म्हणाल्या, पोरीला नेऊ नका, झुरून मरेल. जाऊबाईंनी फाटकाशी हौसाक्काला हे सांगितलं, रत्नाला ताप आलाय असं मला सांगा म्हणाल्या. "आन ताप म्हनलं असतं तर तू उठली असतीस. डॉक्टर काय म्हनलं ते मी ऐकलं हुतं. तुझा कणा माझ्या डोळ्याम्होरं मोडला असता. म्हून मीच म्हनलं, झबलं तेवढं द्या. मला वाटलं, साठ पावलांवरनं काय कळतंय."

"आणि ती पोर कुणाची?"

हौसाक्कानं लुगड्याच्या पदरानं नाक पुसलं. "माजी नात. चंपी. माज्या लेकीची."

"लेक कुठं असते?"

"हितंच हुती," ती म्हणाली आणि माझ्या खाटेवर हात ठेवला. "नऊ नंबर. तुझ्या आधी. तुझ्यावानीच पाठीचं. शेवटाला म्हनायची, आये, चंपीला दाव. कशी दावू? पोरगी तारंपल्याड हुबी, आन ही वर बघतीया. वासं मोजत गेली बग माजी लेक. ती गेल्यावर सुचलं मला आरशाचं. आधी सुचलं न्हाई. घरात धोकटीत पडला हुता की ग. आधी सुचलं न्हाई."

मला तिचा राग यायला हवा होता. आला होताच, पाच महिन्यांचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा होता. पण तो कुठं ठेवायचा ते मला कळेना. मी तिचा हात धरून बसले.

"चंपीला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगनार? तिची आय हितं निजलीया येवढंच तिला ठावं. पयल्या दिवशी कवडसा पडला तवा मला म्हनली, आयनं धाडला. मी न्हाई म्हनले न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझी खाट कऱ्हाडकडच्या लीला नावाच्या मुलीला दिली होती. पाठीचंच दुखणं, नुकतंच प्लास्टर झालेलं, रडून डोळे सुजलेले. निघण्यापूर्वी मी तिच्या उशाशी वाकायचा प्रयत्न केला, पट्ट्यानं वाकू दिलं नाही. उभ्यानंच सांगितलं, "नऊ वाजता कुंपणाशी एक लहान मुलगी येईल. आरसा असा वळवायचा. तुला ती दिसणार नाही, पण टाकायचा. मग फिरवून बघायचं. चुकवू नकोस."

"कोण आहे ती?"

"नऊ नंबरची मुलगी," मी म्हणाले.

साठ पावलं चालायला मला पाव तास लागला. हौसाक्का एका बाजूला, जाऊबाई दुसऱ्या बाजूला. कुंपणाबाहेर मोठे दीर उभे होते आणि त्यांच्या धोतराला धरून रत्ना. माझी. जिवंत. गालांवर मांस आलेलं. मी हात पुढं केला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि जाऊबाईंकडं धावली. "आई, उचल," त्यांना म्हणाली. जाऊबाईंनी मान खाली घातली.

दहा पावलांवर चंपी उभी होती. आज तिच्या अंगावर तिचं स्वतःचं विटकं परकर-पोलकं होतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पाच महिने जिला आरशात बघितलं ती अशी समोर, नाकात शेंबूड, कपाळावर तीट. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. मी मधे आले म्हणून तिनं मान बाजूला काढली आणि व्हरांड्याकडं बघत राहिली.

कवडसा तिच्या पायाशी पडला. थरथरत होता; लीलाचा हात नवा होता. चंपी खाली बसली आणि तिनं ओंजळ केली.

मी एसटीत बसेपर्यंत हौसाक्का फाटकात उभी होती. हात हलवला नाही तिनं. नुसती उभी होती.

घरी रत्ना माझ्याजवळ आली नाही. एक दिवस, दोन दिवस, अठरा दिवस. मला 'बाई' म्हणायची. एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी अंगणात बसले, कुंकवाच्या पेटीतली आरशी काढली आणि भिंतीवर ऊन टाकलं. रत्ना जोत्यावर बसली होती. ऊन भिंतीवरून खाली आणलं, जमिनीवर सोडलं. ती उठली. "आलं," असं अगदी हळू म्हणाली आणि पाय आपटला.

मी कवडसा जरा अलीकडं घेतला. तिनं पुन्हा पाय आपटला. असं करत करत मी तो माझ्याकडं आणला आणि शेवटी आपल्या मांडीवर धरला. ती समोर येऊन थांबली. पाय उचलला. मांडीवर आपटायचा की नाही ते तिला कळेना. मग तिनं पाय खाली ठेवला आणि तळहात माझ्या मांडीवर टेकवला, कवडशावर. मी आरशी टाकून दिली.

दहा वर्षांनी मी त्या माळावर पुन्हा गेले. पत्रं पाठवली होती, उत्तर आलं नव्हतं. व्हरांडा तोच, पण प्रत्येक खाटेचं डोकं अंगणाकडं होतं आणि प्रत्येक दांडीला लोखंडी पट्टीत बसवलेला आरसा. मी तिथल्या नर्सला विचारलं, हे कुणी सुरू केलं?

"पहिल्यापासून असंच आहे," ती म्हणाली. हौसाक्काचं नाव तिनं ऐकलं नव्हतं. एका म्हाताऱ्या शिपायाला तेवढं आठवलं. ती वारली होती. नातीला मामा घेऊन गेला, कुठल्याशा साखर कारखान्यावर. कुठल्या, ते त्याला सांगता येईना. रत्ना आता तेराची झाली होती. म्हणजे चंपीही तेराची.

नऊ नंबर रिकामी होती. मी नर्सला म्हणाले, दोन मिनिटं पडू का? तिनं खांदे उडवले. मी उताणी निजले. आरशात फाटक होतं, कडुलिंब होता, तारेपाशी कुणी नव्हतं. नऊ वाजून गेले होते, ऊन समोरून येत होतं.

मी आरसा वळवला. तो वळवला की पलीकडचं काही दिसत नाही. कुंपणापाशी ऊन पडलं असेल. मी बराच वेळ तो तसाच धरून ठेवला.